मुजीब, रस्ताच बदलला होता

मुजीब, भर कार्यक्रमात, संस्थेच्या सचिवांसमोर, एका हातात माइक धरून मी चुकीची वायर उपटली.

तू असतास तर ही बातमी मी घरी पोचायच्या आत लातूरला तुझ्याकडं पोचली असती आणि तुझा फोन आला असता, "दत्त्या, कोणती उपटलीस बे?" मग मी नेहमीसारखं आधी नाकबूल केलं असतं. आता विचारायला तू नाहीस, म्हणून न विचारताच कबूल करून टाकतो. दोन वायरी होत्या. दोन्ही निळ्या. एक लाल आण, एक निळी आण, असं तू मला किती वेळा बजावलं होतंस! पण दुकानात निळ्याच होत्या, बाहेर नांदेडचं ऊन होतं आणि पलीकडच्या दुकानापर्यंत जायचा मला कंटाळा आला. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

पण घाबरू नकोस. जिंकलो आपण! मुखेडचं पोरींच्या तासांचं केंद्र चालू राहतंय. सचिवसाहेबांनी सगळ्यांदेखत तसं सांगितलं, आणि तिकडं लातूरला शिंदे मॅडमनी हात वर करून टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यासुद्धा इथं पडद्यावर न अडकता दिसल्या. कसं जिंकलो ते सांगायलाच बसलोय. तू समोर असताना माझं एक वाक्य कधी पुरं होऊ द्यायचा नाहीस. आज सगळी वाक्यं पुरी होतायत. त्यात मजा काही येत नाही, हेही सांगून ठेवतो.

तू गेल्यावर तुमच्या घरी लोक बसायला येत होते तेव्हाची गोष्ट. तुझे मामू माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "दत्ताभाऊ, मुजीब नेमकं काय करून राहिला होता? कंप्युटरचं काम म्हणायचा. पण कंप्युटर तर आता समदेच करतात."

मी म्हणालो, "मामू, लातूर ते नांदेड आमच्या संस्थेची एक लाइन आहे. शिंदे मॅडम लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, तो तास त्या लाइनवरून नांदेडला येतो आणि इथून पुढं मुखेडच्या पोरींपर्यंत जातो. त्याच लाइनवरून परीक्षेचे पेपर जातात, जुन्या तासांची रेकॉर्डिंग जातात, ऑफिसचं सगळं जातं. सगळ्याची बारीक बारीक पाकिटं करून. सगळ्यांनी एकदम पाठवलं की लाइनच्या तोंडाशी पाकिटांची रांग लागते. बाकी लोक काय करतात, रांग उतू जाऊन पाकिटं सांडेपर्यंत ढकलत राहतात. सांडली की मग हात आखडतात. तोवर मॅडमचा आवाज रांगेत उभा. मुजीबचं म्हणणं, सांडायची वाट कशाला बघायची? प्रत्येक पाकिटाची पोच परत येते. ती पोच यायला उशीर व्हायला लागला की समजायचं, पुढं गर्दी आहे. आपण होऊन हळू व्हायचं."

मामू म्हणाले, "मंजे मशिनीला तमीज शिकवून राहिला होता."

मुजीब, हे वाक्य आपल्याला अर्ज लिहिताना सुचलं असतं तर अनुदान मिळालं असतं रे.

आणि तमीज शिकवायला निघालेल्या आपल्या दोघांपैकी एकाला ती होती, तो तू. माझं बघ. अगदी सुरुवातीला माझ्या डोक्यात आलं, की पाकीट जाऊन पोच परत येईपर्यंत कशाला थांबायचं, नुसता जायचा वेळ मोजू. लातूरच्या मशिनीचं घड्याळ बघायचं, नांदेडच्या मशिनीचं बघायचं, वजाबाकी करायची. तुला न विचारता केलं. आलेख इतका देखणा आला की मी तो रंगीत छापला आणि प्राचार्यांना नेऊन दिला. म्हणालो, सर, आपल्या लाइनवर विलंब असा नाहीच. नंतर तू नांदेडला आलास, आलेख हातात घेतलास, बोट ठेवलंस आणि विचारलंस, "दत्त्या, ही शून्याची रेघ. तुझी लाइन तिच्या खाली कामून हाय?"

"लई फास्ट हाय म्हणून."

"मंजे पाकीट निघायच्या आधीच पोचून राहिलं?"

प्राचार्यांनी तोवर आलेख फ्रेम करून भिंतीला लावला होता. अजून तिथंच आहे. पाहुणे आले की ते बोट दाखवून कौतुक करतात आणि मी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकतो.

त्याच दिवशी तू मला जुन्या नांदेडात तुमच्या दुकानात घेऊन गेलास. अब्बा होते तेव्हा मी तिथं कितीतरी वेळा बसलो होतो, चहा प्यायलो होतो, पण भिंतीकडं कधी धड बघितलं नव्हतं. दुरुस्तीला आलेली भिंतभर घड्याळं, सगळी चालू, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. "ह्यातलं खरं कोनतं?" तू विचारलंस. मी उगीच सगळ्यात मोठ्या घड्याळाकडं बोट केलं. तू हसत सुटलास. "अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, मनगटावर एकच बांधा, दुसरं खिशात ठिवू नका, दिवसभर भांडत बसाल." मग आपणही एकच घड्याळ ठेवलं. ज्यानं पाकीट पाठवलं, त्यानंच पोच येईपर्यंतचा वेळ मोजायचा. दुसऱ्याच्या घड्याळाला विचारायचंच नाही. घड्याळवाल्याच्या पोरानं घड्याळावर सगळ्यात कमी भरवसा ठेवला, आणि तिथून आपलं काम रुळावर आलं.

रुळावर आलं म्हणजे धावायला लागलं असं नाही. गर्दी आहे की नाही हे कळायचं, तर रिकाम्या रस्त्याला किती वेळ लागतो ते आधी माहीत पाहिजे. आपण सोपं केलं होतं. आजवर दिसलेला सगळ्यात कमी वेळ तो रिकाम्या रस्त्याचा. त्याहून जास्त लागला तर गर्दी. माझ्या मते विषय संपला होता. पण दुपार झाली की मॅडमचा तास अडकायचा. मॅडम पेशीचं चित्र काढता काढता थिजायच्या, आणि मुखेडहून प्रतीक्षा नावाची एक पोरगी, आवाज असा की माइकची गरज नाही, ओरडायची, "सर, मॅडम पुन्हा पुतळा झाल्या!"

ही प्रतीक्षा आणि तिच्यासारख्या पोरींसाठीच सगळं चाललं होतं, हे आपण एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. लातूरला खोली करून राहायला ज्यांना घरचे पाठवत नाहीत, अशा सगळ्या तिथं, बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत. सचिवसाहेबांनी सरळ सांगितलं होतं, की तास अखंड दिसला पाहिजे. एकदा डोळ्यांनी दाखवा. नाहीतर केंद्र आवरून टाकू आणि पोरींना पेनड्राइव्हवर धडे वाटू. ते प्रतीक्षाच्या कानावर गेलं तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "पेनड्राइव्हला शंका कशी विचारायची, सर?" मी तुला फोनवर सांगितलं. तू लगेच विषय बदलून दुपारचे आकडे मागितलेस. तू विषय बदललास म्हणजे फार लागलंय, एवढं मला कळत होतं.

तर दुपारी तास का अडकतो? मी वायरी बदलल्या, मशीन बदललं, खुर्चीसुद्धा बदलली. तू मात्र आकडे बघून म्हणालास, "हे तुझ्या सोयरिकीवानी झालंय."

माझी सोयरिक! वाचणाऱ्यांना माहीत नाही म्हणून सांगतो, तुला तर पाठ आहे. तरुणपणी मी नांदेडहून लातूरला जायचो ते नेमका अहमदपूरचा बाजार असेल त्या दिवशी, कारण माझा लातूरचा तास त्याच दिवशी असायचा. एसटी अहमदपूरला पोचली की बाजारात रुतायची. टोपल्या चढायच्या, कोंबड्या उतरायच्या, एखादी शेळी कंडक्टरशी हुज्जत घालायची. मला वाटायचं, लातूर आहेच एवढं लांब. मग लातूरलाच मुलगी बघायला जायचं ठरलं. सोबत तू. मी तोच हिशेब धरून भल्या पहाटे निघायला लावलं. त्या दिवशी बाजार नव्हता. एसटी अशी सुटली की आपण पोचलो तेव्हा होणारे सासरे बनियनवर, तोंडात राखुंडी, अंगणात उभे. आणि हातात बादली घेऊन आलेल्या मीरानं आपल्याकडं बघून आत हाक दिली, "मीटरवाले आलेत!" मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तू पुढं झालास, "हाव, मीटर कुठं हाय?" आणि खरोखर मीटर बघून आलास. मीरा अजून म्हणते, त्या दिवशी दोघांतला मीटरवाला जास्त बरा वाटला होता.

"तू रिकामा रस्ता कधी बघितलाच न्हाई, दत्त्या," तू म्हणालास. "तू आलास तवा बाजार भरलेला. तुला वाटलं रस्ताच असा हाय. हे दुपारी सुरू होनारं रेकॉर्डिंग तसंच करून राहिलं. ते येतं तवा रांग आधीच लागलेली. त्याला वाटतं हेच रिकामं. म्हणून ते बिनधास्त ढकलतं. मॅडमच्या तासानं सकाळचा मोकळा रस्ता बघितलाय, तो बिचारा सरकत सरकत कोपऱ्यात."

आता उपाय काय? उशिरा येणाऱ्याला रिकामा रस्ता दाखवायचा कसा, रस्ता कधी रिकामाच होत नसेल तर?

ते उत्तर आपल्याला स्टेशनाजवळच्या पांडूशेठच्या हॉटेलात मिळालं. मी "आपल्याला" म्हणतो, ही माझी जुनी खोड. मिळालं तुला. मी भजी खात होतो. टीव्हीवर मॅच, चार टेबलांवर चार भांडणं, काउंटरवर पांडूशेठ गिऱ्हाइकावर खेकसतोय. तेवढ्यात अजान सुरू झाली. पांडूशेठनं रोजच्यासारखा टीव्हीचा आवाज बंद केला. लोकही आपोआप हळू झाले. भांडणारे भांडण तोंडात धरून बसले. आणि तू बशी हातात तशीच धरून म्हणालास, "ऐक."

"अजानच ना?"

"न्हाई बे. पंखा."

वरचा पंखा कट कट करत होता. इतकी वर्षं आपण त्याखाली बसलो आणि तो वाजतो हे आपल्याला माहीत नव्हतं. "सगळे जरा गप झाले की खोलीचा खरा आवाज कळतो," तू म्हणालास. "लाइनवरच्या समद्यांनी एकदम, जराशा वेळापुरतं गप व्हायचं. रांग निचरते. तेवढ्यात ज्यानं त्यानं वेळ मोजून घ्यायचा. सकाळी आलेल्यानं बी, दुपारी आलेल्यानं बी. मग पुन्हा बोला."

मी म्हणालो, "आणि तेवढ्यात मॅडमचं चित्र थांबलं तर?"

"पापनी लवायच्या आत होतं रे समदं. तू भजी खा."

मुजीब, ते चाललं. चाललं म्हणजे काय चाललं! दुपारी, सगळी रेकॉर्डिंग सुरू असताना, मॅडमनी पूर्ण पेशी काढली, तिला रंग दिला, नावं दिली, आणि मुखेडहून एकही आरोळी आली नाही. तू लातूरच्या खोलीत नाचलास असं तिथला शिपाई सांगतो. मी इकडं नाचलो आणि टेबलाला गुडघा आपटून घेतला. नंतर वाचताना कळलं, की मिळून थोडं थांबायची ही युक्ती जगात आधीच कुणी कुणी वापरलेली आहे. मी हिरमुसलो. तू उलट खूश. "मंजे आपन येडे न्हाई," म्हणालास. तुझा आनंद असाच असायचा, कुणी आधी येऊन बसलेलं दिसलं तरी शेजारी जागा आहे म्हणून खूश.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुझं म्हणणं, मशीनला विसरायला शिकवलं पाहिजे. रिकाम्या रस्त्याचा जुना आकडा त्यानं कायम कवटाळून बसू नये. आपली सरळ लाइन अहमदपूरवरून जाते. ती तुटली, तर सगळं आपोआप दुसऱ्या वाटेनं जातं, मुदखेड जंक्शनकडून खाली तेलंगणात उतरून, हैदराबादला वळसा घालून. वाट लांब, म्हणून पोच उशिरा येणारच. पण मशीन जुन्या आकड्याला धरून बसलेलं. त्याला वाटणार, पुढं गर्दी आहे. ते हळू होणार. तरी वेळ कमी होत नाही, म्हणून आणखी हळू. सभ्यपणानं मागं सरकत सरकत दाराबाहेर. रस्ता मोकळा, आणि आपल्या मॅडम पुतळा.

"म्हणून," तू म्हणायचास, "समदे गप झाल्यावर बी जर वेळ वाढलेलाच दिसला, एकदा न्हाई, दोन-तीनदा दिसला, तर गर्दीला दोष देऊ नको. रस्ताच बदललाय. जुना आकडा फेकून दे."

मी म्हणायचो, "आणि कुणी एक जण गप झालाच नाही तर? तुझं मशीन गर्दीलाच रिकामा रस्ता समजणार. म्हणजे पुन्हा अहमदपूरचा बाजार!"

"लाइनवर समदे आपलेच हायत. कोन न्हाई गप होनार?"

"मी आहे ना."

"हां, तो धोका हाय," म्हणून तू हसायचास, पण मागं हटायचा नाहीस. आणि मीही. खरं सांगू? तुझा मुद्दा मला कळत होता. पण एकदा पाहिलेली सगळ्यात चांगली वेळ फेकून द्यायची, हे मला जमत नव्हतं. मी वहाणा जुन्या झाल्या तरी फेकत नाही. मीराला विचार.

फोनवरचं आपलं शेवटचं बोलणंही तेच. मी चिडून म्हणालो, "तुझं हे विसराळू पोरगं मी जिवंत असेपर्यंत माझ्या लाइनवर चालू देणार नाही."

तू म्हणालास, "ठीक हाय, मग तू मेल्यावर चालवतो."

क्रम तेवढा चुकवलास, मुजीब. आयुष्यात एकदाच तुझा हिशेब चुकला, तो हा.

लातूरच्या कबरस्तानातून परत येताना मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. अहमदपूर आलं. बाजार नव्हता. एसटी क्षणभर थांबली आणि निघाली. रस्ता मोकळा होता आणि मला तो कधी नव्हे इतका लांब वाटला. मी त्याचं कारण शोधत बसलो नाही. घरी आलो, मशीन उघडलं आणि तू लिहून ठेवलेला प्रोग्राम, ते तुझं विसराळू पोरगं, लाइनवर चढवून ठेवलं. माझ्या मते ते चूकच होतं. पण चूक तर चूक, तुझी आहे, राहू दे. शिवाय मनात दुसरा हिशेबही होता. कार्यक्रमाच्या अर्ध्या तासात लाइन थोडीच तुटणार आहे? तुझं पोरगं आत गुपचूप बसून राहील, कुणाला कळणार नाही, माझी दोस्तीही पाळली जाईल आणि माझं म्हणणंही खोटं ठरणार नाही. असा मी धूर्त.

आणि आला कार्यक्रमाचा दिवस. नांदेडचा हॉल, समोर मोठा पडदा, पहिल्या रांगेत सचिवसाहेब हाताची घडी घालून. पडद्यावर लातूरच्या शिंदे मॅडम आणि कोपऱ्यात मुखेडच्या दोन खोल्या, पोरी दाटीवाटीनं बसलेल्या. मॅडम मूत्रपिंड शिकवत होत्या. मी शेजारच्या प्रयोगशाळेतून मुद्दाम लाइनवर गर्दी सोडली होती, रेकॉर्डिंग, फायली, सगळा कचरा. तास हलला नाही. टाळ्या पडल्या. तिथं खाली बसलो असतो तर संपलं असतं. पण मला टाळ्या पडल्या की काहीतरी होतं, तुला माहीत आहे. मी माइक घेतला आणि म्हणालो, "आता ही गर्दीची वायर मी काढून टाकतो. बघा, चित्र आणखी कसं उजळतं!"

आणि मी अहमदपूरची सरळ लाइन उपटली.

आधी हाताला कळलं. मग लाइनच्या डब्यावरचा लाल दिवा दिसला. पडद्यावर मॅडमचा खडू मूत्रपिंडावर अडकला. हॉलमध्ये कुणी खोकलं. मला वाटलं, संपलं. परत लावायच्या घाईत दुसरीही वायर निघून आली, आणि दोन निळ्या वायरींतली कोणती कुठली हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात खडू हलला. म्हणजे वळशाची वाट पकडली होती. पण चित्र अंधुक, चौकोन चौकोन, आणि होत होत आणखी अंधुक. मशीन सभ्यपणानं मागं सरकत होतं, मुजीब. अगदी तू सांगितलं होतंस तसं. जुना आकडा धरून, नसलेल्या गर्दीला वाट करून देत. माझा आकडा. माझी सगळ्यात चांगली वेळ.

मी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायला गेलो आणि तोंडात तुझं आलं.

मग लाइनवरचे सगळे गप झाले असतील. पापणी लवायच्या आत, पुन्हा एकदा, आणि पुन्हा, आणि तुझ्या पोरानं माझा जुना आकडा फेकून दिला असेल. मला दिसलं नाही, मी फक्त ऐकलं. मुखेडहून, माइकशिवाय ऐकू येईल अशा आवाजात, "मॅडम, डावं मूत्रपिंड उजव्यापेक्षा वर कामून असतं?"

डोळे उघडले. पडदा धुऊन काढल्यासारखा लख्ख. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. उजव्या बाजूला वरून यकृत दाबतं म्हणून." आणि त्यांनी यकृत काढलं, पूर्ण, एका दमात, हैदराबादला वळसा घालून आलेलं यकृत! मुजीब, इतकं सुंदर यकृत मी जन्मात बघितलं नाही. मी माइकमध्ये ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. लोक म्हणतात, "मुजीब, फेकला बघ!" असं काहीतरी होतं, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांनी खाली बघितलं, काय फेकलं म्हणून.

सचिवसाहेबांना काही कळलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "काढली का वायर?"

"काढली ना, साहेब."

"पोरगी हुशार दिसते. चालू ठेवा केंद्र." आणि ते उठले.

अखेर खरं ठरलं ते तुझंच. भर सभेत, सगळ्यांसमोर, आणि कुणालाही न कळता. तुला हेच आवडलं असतं. नंतर मी मुखेडला फोन लावला, तर प्रतीक्षा म्हणाली, "सर, मधी जरा धूसर झालं होतं. पण मी शंका विचारूस्तवर आलं नीट."

पेढे घेऊन मी थेट जुन्या नांदेडात गेलो. दुकानाच्या वरच्या खोलीत अम्मी चौकीवर बसल्या होत्या. खालून घड्याळांचा आवाज येत होता, प्रत्येकाचा वेगळा. मी पेढा पुढं केला. त्यांनी घेतला, पण हातातच धरून ठेवला. म्हणाल्या, "आधी सांग. समदं सांग. मुजीब घरी काही सांगायचा न्हाई."

मी सगळं सांगितलं. रांग, पोच, बाजार, पंखा, आपलं भांडण, दोन निळ्या वायरी. लाल दिव्यापाशी आलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. यकृतापाशी आलो तेव्हा हसायला लागल्या, तोंडावर पदर धरून, अगदी तुझ्यासारख्या, खांदे हलवत. मी फुगलो. म्हणालो, "अम्मी, शंभर टक्के बरोबर होता तुमचा मुजीब. त्यानं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. आणि खरं म्हणजे मला बी आतून पटलेलं होतं."

त्यांचं हसू थांबलं. पेढा त्यांनी परत खोक्यात ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तो जित्ता होता तवा एकदा 'हाव' म्हनला असतास, तर काय जीभ झडली असती व्हय रे तुझी, गाढवा?"